जावयाच्या आडनावाचं मूळ

माझ्या नवऱ्याचं आडनाव मी इथं सांगणार नाही. सांगूनही उपयोग नाही, ते कुणाला एका दमात म्हणता येत नाही. सिंगापुरात बँकेतली मुलगी असो की दवाखान्यातली, ते वाचताना जरा अडखळते आणि मग माझ्या पहिल्या नावावर भागवून घेते. मीही त्या आडनावाचा कधी विचार केला नव्हता. नवरा मिळाला, त्याच्यासोबत ते आलं. पण माझे बाबा सिंगापूरला आले आणि त्यांनी त्या आडनावाचं मूळ शोधायला घेतलं. इतक्या वर्षांनी ते दिवस आठवले तरी माझी मान खाली जाते.

बाबा जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. लोकांच्या बांधांवर साखळ्या टाकण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कुणाची हद्द कुठं संपते हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा ते आमच्या कुलवृत्तांताच्या मागे लागले. ज्यांच्या घरी हा प्रकार नाही त्यांच्यासाठी सांगते. एका आडनावाच्या झाडून सगळ्या घरांची हकिगत गोळा करून छापतात, तो कुलवृत्तांत. मूळ पुरुष कोण, कोकणातून घाटावर कधी आला, त्याला मुलगे किती, त्याचे पणतू कुठं नोकरीला. मुलीही असतात, पण ओळीपुरत्या. अमक्या गावच्या अमक्यांना दिली, की संपलं. आमची पहिली आवृत्ती आजोबांनी पुढाकार घेऊन काढली होती, जाडजूड, कापडी बांधणीची. दुसरी काढायचं ठरलं तेव्हा आमच्या शाखेचं काम आपसूक बाबांकडे आलं.

त्या पहिल्या आवृत्तीत बाबांच्या धाकट्या बहिणीची, म्हणजे माझ्या आत्याची, एक ओळ आहे. 'अविवाहित. अल्पवयात निधन.'

आत्या वसईला राहत होती, चांगली धडधाकट. तरुणपणी शाळेत शिकवताना तिनं तिथल्याच एका ख्रिस्ती मास्तरांशी लग्न केलं. आजोबांनी तिच्या नावानं अंघोळ केली, आणि पुढं पुस्तक निघालं तेव्हा ती अंघोळ छापूनही टाकली. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. मी नोकरीला मुंबईत राहायला लागले तशी गुपचूप तिच्याकडे जाऊ लागले. दारातच ती ओरडायची, "ये गं बाई, भुताच्या घरी जेवायला ये!" मास्तर तोवर वारले होते. ती मला तांदळाची भाकरी वाढायची, वर खोबऱ्याची चटणी, आणि माझ्या ताटाकडं बघत विचारायची, "काय गं, मी अजून मेलेलीच आहे का त्या पुस्तकात?" दर वेळी हसून विचारायची. एकदा मात्र हसली नाही. "नवी आवृत्ती निघतेय म्हणे," एवढंच म्हणाली. "तुझ्या बापाच्या हातात आहे ना?"

मला काय कळायचं ते कळलं. तिला वाटा नको होता, मानपान नको होता. खरोखर मरायच्या आधी एकदा त्या पुस्तकात जिवंत व्हायचं होतं.

माझं लग्न मुंबईत रजिस्टर पद्धतीनं झालं. मुलगा परदेशी म्हटल्यावर बाबांनी "मला कळवूही नका" म्हणून सांगितलं होतं, आणि त्यांच्यापुढं बोलायची आईची छाती नव्हती. माझ्या बाजूनं साक्षीदार म्हणून सही करायला घरचं माणूस नको का? आत्या आली. मोरपंखी साडी, डोक्यात अबोलीचा गजरा. पेन घेऊन तिनं ठसठशीत सही केली, मास्तरांच्या आडनावासकट. आमच्या कुलवृत्तांताप्रमाणे बघायला गेलं तर माझ्या लग्नाला एक मेलेली बाई साक्षीदार आहे. हे ती सगळ्यांना सांगून हसवायची. माझ्या सासूबाई लग्नासाठी आयर्लंडहून आल्या होत्या. दोघी शेजारी बसल्या आणि का कोण जाणे, पूर्ण वेळ त्यांनी एकमेकींचा हात सोडला नाही. तसा फोटोच आहे.

बाबांचा राग वर्षभरात उतरला. कसा उतरला ते मी डोळ्यांनी पाहिलं. मी माहेरी गेले होते, शेजारचे काका आमचे फोटो बघत होते आणि एकदम म्हणाले, "जावई अगदी साहेब दिसतो हो!" बाबा खुर्चीत जरा ताठ झाले. त्या दिवसापासून 'तो परका' जाऊन 'आमचे जावई तिकडचे' सुरू झालं. मला तेव्हा हायसं वाटलं. लाज वाटायला पुढं बराच वेळ होता.

सार्सची साथ सरल्यावर आम्ही दोघं नोकरीनिमित्त सिंगापूरला आलो आणि पासिर रिसला भाड्यानं फ्लॅट घेतला. त्याच सुमारास आई गेली. बाबा एकटे पडले म्हणून मी त्यांना बोलावून घेतलं. मनात दुसराही बेत होता. पुण्यात, भावकीच्या देखत, आत्याचं नाव काढायची सोय नव्हती. इथं माझ्या घरात निवांत वेळ बघून मी त्यांना म्हणणार होते, बाबा, ती ओळ बदला.

बाबा आले. बॅगेत चकलीची भाजणी, गोडा मसाला, आणि शर्टांच्या घड्यांमध्ये कुलवृत्तांत. नव्या आवृत्तीत म्हणे मुलींचीही सविस्तर माहिती येणार होती, जावयाच्या घराण्यासकट. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याला समोर बसवलं.

"ओरिजिनल प्लेस?"

नवऱ्यानं गावाचं नाव सांगितलं.

"फॅमिली गॉड?"

नवरा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "बाबा, त्यांच्यात कुलदैवत नसतं."

"नसतं कसं? ह्याला माहीत नसेल," असं म्हणून बाबांनी तेवढी जागा मोकळी सोडली.

मग आडनाव. नवरा म्हणाला, आमचे लोक स्कॉट्स-आयरिश. पूर्वी कधीतरी स्कॉटलंडहून समुद्र ओलांडून आयर्लंडच्या उत्तरेला जाऊन राहिलेले. पण हे आडनाव कुठून आलं ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि घरच्यांखेरीज दुसऱ्या कुणाचं ते त्यानं कधी ऐकलंही नव्हतं.

"म्हणजे कोकणातून घाटावर आल्यासारखंच की!" बाबा खूश झाले. मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, "आणि दुर्मीळ आडनाव. दुर्मीळ म्हणजे जुनं. घराणं मोठं असणार बघ."

झालं! आमचा कॉम्प्युटर बाबांचा झाला. मी ऑफिसातून यायचे तर हे बनियनवर बसून अमेरिकेतल्या कुठल्याशा म्हाताऱ्याला 'रिस्पेक्टेड सर' म्हणून मेल लिहितायत. एमआरटीच्या गाडीनं एकटे शहरातल्या मोठ्या वाचनालयात जायला लागले. येताना हॉकर सेंटरच्या टपरीवर घोटभर कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिऊन यायचे आणि दारातूनच नवा शोध सांगायचे. आज जावयाचे पूर्वज सरहद्दीवरचे सरदार असायचे, उद्या समुद्रावरून आलेले लढवय्ये. सगळं खापरपणजोबांपर्यंत जाऊन थांबायचं. त्याआधी त्या आडनावाचा मागमूस नाही. "कुठंतरी कागद हरवलाय," बाबा म्हणायचे. एक दिवस त्यांनी इंटरनेटवरून एक ढाल छापून आणली. तिच्यावर लाल सिंह होता. ती त्यांनी आमच्या फ्रिजला चिकटवली आणि खाली मराठीत लिहिलं, 'जावयांचे राजचिन्ह (संभाव्य)'.

नवऱ्याला गंमत वाटत होती. मलाही सुरुवातीला वाटली. मग हळूहळू माझं डोकं फिरायला लागलं. हा माणूस गोऱ्या जावयाच्या खापरपणजोबासाठी जग पालथं घालतोय, आणि सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला एका शब्दानं कधी विचारलं नाही की बाबा रे, तुमचं मूळ गाव कोणतं. वसई काही स्कॉटलंडच्या सरहद्दीवर नाही. पुण्याहून सकाळी निघालेलं माणूस दुपारच्या जेवणाला पोचतं. आणि मला खात होतं ते हे की ह्यात फायदा माझाच होत होता. आत्यानं केलं तेच मी केलं. तिच्या वाट्याला अंघोळ आली, माझ्या वाट्याला फ्रिजवरचा सिंह. सकाळी दूध काढताना तो दिसला की मला तोंड लपवावंसं वाटायचं.

बोलले का? नाही. रोज म्हणायचे, आज बोलू, आणि रोज काहीतरी आडवं यायचं. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. तिकडच्या थंडीला कंटाळून त्या महिनाभर आमच्याकडे येणार होत्या.

"विहीणबाई पहिल्यांदा येणार!" बाबांची धांदल उडाली. मला लिटिल इंडियात घेऊन गेले, नारळ घेतला, तांदूळ घेतले, एक हिरवी साडी पसंत केली. आणि दुकानात उभ्या उभ्या एकदम थबकले. "अगं, पण त्यांचे यजमान हयात नाहीत ना? मग ओटी कशी भरायची?"

"बाबा, त्यांना ओटी म्हणजे काय हेसुद्धा माहीत नाही."

"त्यांना नसेल. आपल्याला आहे."

शेजारी एक तमिळ बाई केळी निवडत होती. तिला मराठी येत नसणार, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी बाबांनी साडी परत ठेवून करड्या रंगाची शाल घेतली. सासूबाई आल्या, त्यांनी ती शाल एअर-कंडिशनरखाली आनंदानं पांघरली आणि बाबांना म्हणाल्या, इतकं छान मला कधी कुणी काही दिलं नाही. बाबा माझ्याकडं बघून मान डोलावत होते. ओटीचं कुणाला कळलं नाही, मलाच तेवढं ते बोचत राहिलं.

सासूबाई पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या. साध्या, बोलक्या, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. फ्रिजवरचा सिंह बघून त्यांना हसू आवरेना. "ही ढाल कुठल्याही आडनावाला विकत मिळते," त्या म्हणाल्या. बाबांनी ते मनाला लावून घेतलं नाही. उलट, खरी माहिती असणारं माणूस घरी आलं म्हणून ते पाटपाणीच मांडायला निघाले. रविवारी दुपारी मी वरण-भात, बटाट्याची भाजी आणि मटकीची उसळ केली. जेवणं आटोपली. टेबल पुसून बाबांनी कुलवृत्तांत आणून ठेवला, शेजारी पेन.

"मॅडम," ते म्हणाले, "प्लीज टेल. धिस सरनेम, हाऊ इट केम?"

सासूबाई म्हणाल्या, "आता तुम्ही इतका शोध घेतलात तर सांगायलाच हवं. माझ्या नवऱ्याला ते म्हातारपणी कळलं, त्यानं मला सांगितलं. पण त्यात सरदार वगैरे कुणी नाही हं."

त्यांनी सांगितलं ते असं. माझ्या नवऱ्याची खापरपणजी स्कॉटलंडहून आलेल्या शेतकऱ्यांच्या घरातली, त्यांच्या पंथात कडक वळणाची. खापरपणजोबा त्याच शेतावरचा गडी, तिथल्याच मातीतला आयरिश, दुसऱ्या पंथाचा. तिकडं ह्या दोन पंथांत पाण्यालासुद्धा विचारत नाहीत, सासूबाई म्हणाल्या. दोघांनी लग्न केलं. तिच्या घराचं दार लागलं, त्याच्याही घराचं लागलं. त्या लोकांत घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर मुलाबाळांची नावं लिहायची रीत होती. तिच्या बापानं त्या पानावर तिच्या नावावर शाई ओतली. दोघं चालत एका गिरणीच्या गावाला गेली. तिथं मुकादमानं आडनाव विचारलं. तिला बापाचं सांगायचं नव्हतं, त्याला त्याचं सांगायची चोरी होती. गिरणीमागं एक ओढा होता. त्या ओढ्याचं नाव त्यांनी सांगितलं.

"म्हणून हे आडनाव दुसरीकडं कुठं सापडत नाही," सासूबाई म्हणाल्या. "घरानं टाकलेल्या दोन पोरांपासून सुरू झालंय ते. माझा नवरा शेवटी त्या शेतावर जाऊन आला. त्यांनी बायबल काढून दाखवलं. शाईनं कागद पार सडून गेला होता."

बाबांचं पेन हातातच राहिलं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, बघण्याची हिंमत नव्हती. मला वाटलं, झालं, माझं काम विहीणबाईंनीच केलं. आता ह्यानंतर बाबांना वेगळं काही सांगायला नको. माझे कान तापले होते आणि आतून मला आनंदही होत होता.

सासूबाईंनी कुलवृत्तांत स्वतःकडं ओढला. "तुमच्याकडं हे सगळं किती नीट ठेवलंय," त्या म्हणाल्या. "मला तिचं पान दाखवा ना. तुमच्या बहिणीचं. लग्नात माझ्याशेजारी बसली होती ती. फार गोड बाई."

नवऱ्यानं हातातला ग्लास खाली ठेवला. त्याला सगळं ठाऊक होतं, आत्याच्या घरी तो जेवला होता.

बाबांनी चष्मा नीट केला. पुस्तक आपल्याकडं फिरवलं, पानं चाळली. त्यांना शोधावं लागलं नाही, बोट बरोबर त्या ओळीवर गेलं. "हिअर," ते म्हणाले.

सासूबाईंनी त्या ओळीवरून हळूच बोट फिरवलं. "काय लिहिलंय?"

बाबा म्हणाले, "इट सेज, माय सिस्टर."

मी समोर बसले होते. पुस्तक माझ्या बाजूनं उलटं होतं, तरी वाचता येत होतं. अविवाहित. अल्पवयात निधन. माझ्या बापानं माझ्या टेबलावर, माझ्या देखत, एका म्हाताऱ्या बाईच्या भाबडेपणाचा असा फायदा घेतला, आणि मी उठून कोकमाचं सरबत आणायला गेले. ओट्याशी उभी राहून मी नळ उगाच सोडून ठेवला.

हे इथं थांबलं असतं तरी ठीक होतं. सोमवारी मी ऑफिसातून आले तर सासूबाई खालच्या दुकानातून त्या पानाची झेरॉक्स काढून आणलेल्या. लग्नातला दोघींचा फोटो त्यांच्याजवळ होताच. दोन्ही एका चौकटीत लावून त्या घरी भिंतीवर टांगणार होत्या. "तिची ओळ कुठली ते मी पेन्सिलनं खूण करून ठेवलीय," त्या म्हणाल्या. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "तू सांगतेस की मी सांगू?" मी म्हटलं, कुणीच सांगू नको. ती चौकट आजही त्यांच्या दिवाणखान्यात आहे. वर आत्या हसतेय, गजरा माळून, सासूबाईंचा हात धरून. खाली छापलंय की ती मेली. तिकडं कुणाला मराठी येत नाही म्हणून बरं. मी गेले की त्या भिंतीकडं पाठ करून बसते.

मंगळवारी सकाळी बाबा रोजच्यासारखे समुद्राकडच्या बागेत फिरायला निघाले. मी चपला घातल्या आणि मागोमाग गेले. बाकावर बसल्यावर मी सरळच म्हटलं, "बाबा, परवा खोटं बोललात."

"मग काय सांगायला हवं होतं? विहिणीसमोर?"

"खरं. निदान आता खरं लिहा. तुमच्याच हातात आहे."

"माझ्या हातात काय आहे गं? वडिलांनी छापलंय. मी बदललं तर वडील खोटे ठरतात."

"ते खोटेच होते!"

समोरून एक चिनी आजोबा उलटे चालत गेले, इथं म्हाताऱ्यांचा तो व्यायाम आहे. बाबा त्यांच्याकडंच बघत राहिले. मग मी म्हटलं, "मग मला कशाला छापताय? मीही तेच केलं ना?"

"तुझं वेगळं आहे."

"काय डोंबल वेगळं आहे?"

बाबा चिडले नाहीत. हद्दीचं भांडण समजावून सांगावं तसं शांतपणे म्हणाले, "अगं, हे लोक बाहेरचे. आपल्याकडं ते कुठंच बसत नाहीत, म्हणून त्यांना कुठंही बसवता येतं. तिच्या नवऱ्याचं घर कुठं बसतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं."

मला रडू फुटलं. राग आला म्हणून नाही, त्यांचं बोलणं मला तिथल्या तिथं पटलं म्हणून. म्हणजे योग्य आहे असं पटलं नाही, पण हे असंच आहे, हे पटलं. माझं लग्न बाबांनी मान्य केलंच नव्हतं. त्यांनी मला मोजणीच्या बाहेर काढलं होतं, आणि मी इतकी वर्षं त्याला माफी समजून खूश होते. बाबांनी खिशातला रुमाल मला दिला. "पूस," म्हणाले. "लोक बघतायत."

जायच्या आधी त्यांना पुन्हा लिटिल इंडियात खरेदी करायची होती. तिथं त्यांनी सांधेदुखीचा मलम घेतला, वाघाचं चित्र असलेला. एक डबी टोपलीत टाकली, पुढं गेले, परत आले आणि आणखी एक टाकली.

"दुसरी कुणाला?" मी विचारलं.

"आहे कुणीतरी. गुडघे दुखतात."

मी पुढं विचारलं नाही. माझा जीव मात्र उगाच त्या डबीत अडकला. विमानतळावर त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हाही मी त्यांच्या बॅगेकडंच बघत होते, आणि मनाशी म्हणत होते, बदलतील. तोंडानं म्हणाले नाहीत तरी बदलतील.

वर्षाच्या आत नवी आवृत्ती निघाली. पुण्याहून येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर बाबांनी माझी प्रत पाठवली. मी आधी माझी नोंद वाचली, कारण तीच आधी सापडली. 'जावई स्कॉट्स-आयरिश घराण्यातील. मूळ स्कॉटलंड, तेथून समुद्रमार्गे आयर्लंडात स्थलांतर. आडनाव अत्यंत दुर्मीळ असून जगात केवळ याच घराण्याचे आहे.' खापरपणजीकडून बघितलं तर त्यात एक शब्द खोटा नव्हता. गिरणी नव्हती, ओढा नव्हता, शाई नव्हती. मग मी आत्याचं पान काढलं. कागद नवा होता, छपाई सुबक होती. ओळ तीच होती.

पुस्तक मिटून ठेवायला हवं होतं. ते टेबलावर उघडंच होतं आणि वसईहून फोन आला.

"अगं, तुझा बाप आला होता!" आत्याचा आवाज फोनमधून बाहेर येत होता. "इतक्या वर्षांनी! रिक्षातून उतरला, बागेचं फाटक उघडून आला. घरात नाही आला हां, ओट्यावरच बसला. मला मलमाची डबी दिली. वाघाची आहे म्हणे, मला कुठं दिसतंय आता वाघ की मांजर." मोतीबिंदूनं तिची नजर जवळपास गेली होती आणि साखरेमुळं ऑपरेशन लांबत होतं. "चहा नको म्हणाला. मी म्हटलं, असू दे. मग आपण होऊन म्हणाला, पाणी दे गं. दिलं. प्यायला! माझ्या घरचं पाणी प्यायला बघ तो. तांब्या पुरा रिकामा केला."

"रडलीस का?" मी विचारलं.

"छे! तो गेल्यावर रडले." ती हसली, मग खोकली. "आणि म्हणाला, पुस्तक निघालं. पोरीकडं पाठवलंय. मला नाही आणलं, माझ्या घरी कसं आणणार तो, आणि आणून मी काय वाचणार. तुझ्याकडं आलं का?"

"आलंय."

"मग वाच की माझं."

पान माझ्यासमोर होतं. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला होता.

"अगं, वाच ना. आहे ना मी? जिवंत आहे ना?"

"आहेस," मी म्हटलं.

"काय लिहिलंय?"

माझ्याजवळ तयार असं एकच वाक्य होतं आणि ते बाबांचं होतं. "बहीण, असं लिहिलंय. त्यांची बहीण."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावल्याची खरखर ऐकू आली.

"पुरे झालं गं," आत्या म्हणाली. "अजून काय हवंय मला." मग म्हणाली, "पुन्हा एकदा वाच ना. हळू वाच."

मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळू वाचलं.